तांत्रिक शिक्षण, माध्यमिक स्तरावरील

माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांना सर्वसाधारण शिक्षणाबरोबरच यंत्रे, विद्युत्‌, बांधकाम, इलेक्ट्रॉनिकी व संगणक यांविषयीचे प्राथमिक ज्ञान आणि हस्तकौशल्य देऊन कनिष्ठ तांत्रिक कामांसाठी किंवा पुढील तंत्रशिक्षणासाठी तयार करणारी शिक्षणशाखा. विद्यार्थ्याला पूर्ण कारागीर बनविणे हा तिचा उद्देश नसतो. आराखडा वाचणे, अचूक मापन करणे, हत्यारे सुरक्षितपणे हाताळणे व केलेल्या कामाची नोंद ठेवणे, या बहुतेक व्यवसायांना समान असलेल्या गोष्टी तीत शिकविल्या जातात.

भारतात हंटर आयोगाने (१८८२) माध्यमिक स्तरावर पुस्तकी अभ्यासक्रमाला समांतर असा व्यवहारोपयोगी अभ्यासक्रम सुचविला होता. वर्धा येथे १९३७ मध्ये मांडण्यात आलेल्या मूलोद्योग शिक्षण योजनेत हस्तोद्योगाला शिक्षणाचे माध्यम मानण्यात आले. सार्जंट अहवालाने (१९४४) तांत्रिक माध्यमिक विद्यालयांची, तर मुदलियार आयोगाने (१९५२–५३) बहुउद्देशीय शाळांची शिफारस केली. कोठारी आयोगाने (१९६४–६६) कार्यानुभव व उच्च माध्यमिक स्तराचे व्यवसायीकरण यांवर भर दिला. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक स्तरावरील १० टक्के विद्यार्थी १९९० पर्यंत व २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळविण्याचे उद्दिष्ट ठेवले. १९९२ मध्ये ही मुदत प्रत्येकी पाच वर्षांनी वाढवावी लागली.

महाराष्ट्रात या शिक्षणाचे निरनिराळे प्रकार रूढ झाले. तांत्रिक विद्यालय केंद्रांत आसपासच्या अनेक शाळांचे विद्यार्थी ठराविक दिवशी येऊन कर्मशाळेतील काम व यंत्ररेखन शिकतात. उच्च माध्यमिक स्तरावर द्विलक्षी अभ्यासक्रम, तसेच किमान कौशल्यावर आधारित व्यवसाय अभ्यासक्रम सुरू करण्यात आले. द्विलक्षी अभ्यासक्रमात एक भाषा व एक वैकल्पिक विषय यांऐवजी २०० गुणांचा व्यवसाय विषय घेता येतो. तथापि अनेक विद्यार्थी हा विषय रोजगारासाठी न घेता गुण वाढविण्यासाठी घेतात.

वेगळा प्रयोग पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे झाला. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी १९८३ मध्ये तेथे विज्ञान आश्रम स्थापन केला. त्यांच्या मूलभूत तंत्रज्ञान अभ्यासक्रमात अभियांत्रिकी, ऊर्जा–पर्यावरण, गृह–आरोग्य आणि शेती–पशुपालन या चारही क्षेत्रांचा परिचय प्रत्येक विद्यार्थ्याला होतो. आठवड्यातील एक दिवस प्रत्यक्ष कामासाठी राखलेला असतो. गावाला लागणाऱ्या वस्तू व सेवा पुरविताना विद्यार्थी शिकतात. त्यामुळे कामातील चूक गुणपत्रिकेआधी गिऱ्हाइकाच्या ध्यानात येते.

दाट वस्तीच्या शहरांत प्रश्न निराळा असतो. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर या पश्चिम रेल्वेवरील शहरात औद्योगिक वसाहतींच्या गाळ्यांतून पोलादी भांडी, सुटे भाग आदींचे लहान उद्योग चालत आले आहेत. अशा ठिकाणी शाळेला कर्मशाळेसाठी जागा मिळणे कठीण. परंतु काम शिकविणारे कारखाने मात्र जवळच असतात. म्हणून अनेक शाळांना मिळून एक केंद्र आणि कारखान्यांतील देखरेखीखालील अनुभव ही पद्धत तेथे अधिक सोयीची ठरते. मात्र विद्यार्थी स्वस्त मजूर ठरू नये, यासाठी वयोमर्यादा, कामाचे तास व यंत्रसुरक्षा यांचे नियम काटेकोरपणे पाळावे लागतात.

या शिक्षणापुढील मुख्य अडचण प्रतिष्ठेची आहे. कमी गुणांच्या किंवा गरीब मुलांसाठीची वाट, अशी त्याची ओळख झाली की पालक त्याकडे पाठ फिरवितात. चौदाव्या-पंधराव्या वर्षी केलेली निवड आयुष्यभर बंधनकारक ठरण्याचा धोकाही असतो. शिवाय एकाच यंत्रापुरते किंवा एकाच संगणक प्रणालीपुरते कौशल्य तंत्र बदलताच निरुपयोगी होते. त्यामुळे गणित, विज्ञान व भाषा यांचा पाया भक्कम ठेवणे आणि तंत्रनिकेतन व पदवी यांकडे जाणारे मार्ग खुले ठेवणे आवश्यक ठरते. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने इयत्ता सहावीपासून सर्वच विद्यार्थ्यांना व्यवसाय शिक्षणाचा परिचय करून देण्याची शिफारस केली, तीमागे हाच विचार आहे. हस्तकौशल्य सर्वांनाच शिकविले, तर ते कमीपणाचे लक्षण राहत नाही.