कोयत्याचा वारसा

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्या शहरी बिऱ्हाडांतूनही शस्त्रपूजा होते. आता दोन खोल्यांत राहणाऱ्या माणसापाशी शस्त्र ते कुठले असणार! पण माळ्यावरच्या पेटीत एखाद्या घरी पणजोबांची कट्यार निघते. ती नसली तर अडकित्ता, आणि तोही नसला तर स्वयंपाकघरातली विळी पाटावर येऊन बसते. झेंडूचे फूल वाहून सारे तिला हात जोडतात. विळीला एक दिवस विश्रांती मिळते आणि गृहिणीचीही भाजी चिरण्यातून सुटका होते!

जुन्या पात्यांची ही माया मोठी विलक्षण असते. पुण्याचे दिनकर केळकर, म्हणजेच कवी ‘अज्ञातवासी’, यांनी आयुष्यभर गावोगाव हिंडून शस्त्रे, अडकित्ते, दिवे, दौती अशा हजारो वस्तू जमविल्या, बालपणीच गेलेल्या आपल्या राजाचे नाव त्या संग्रहाला दिले आणि पुढे तो शासनाच्या स्वाधीन केला. त्या संग्रहालयात काचेआडचे एखादे पाते पाहताना मनात येते, की वस्तूचे काम संपते तेव्हाच ती काचेआड जाते. कट्यारीचे काम संपले, म्हणून तर ती आपल्याला सुंदर दिसू लागली.

परंतु महाराष्ट्रात एक पाते असे आहे, की जे पिढ्यान् पिढ्या वारशाने येते आणि ज्याचे काम अजून संपलेले नाही. ते म्हणजे बीड जिल्ह्यातला कोयता.

बालाघाटाच्या डोंगररांगांवर वसलेला हा जिल्हा पावसाला नेहमीच पारखा. जमीन हलकी, विहिरींना पाणी बेताचे. खरिपाचे पीक घरात आले की शेताला काम उरत नाही. तिकडे १९५० साली प्रवरेच्या काठी सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले आणि मग पश्चिम महाराष्ट्रात एकामागून एक धुराडी उभी राहिली. त्यांना ऊस तोडणारे हात हवे होते, आणि बीडच्या हातांना काम हवे होते. धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या तालुक्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास माणसांचे तांडे निघू लागले, ते आजही निघतात. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा कितीतरी घरांना कुलपे लागण्याच्या बेतात असतील.

कोयता घडवतो गावचा लोहार. लोखंड लाल होईपर्यंत तापवायचे, ठोकून पाते काढायचे आणि मग त्याला ‘पाणी’ द्यायचे. पाणी कमी पडले तर धार बोथटते, जास्त झाले तर पाते तडकते. या पात्याने ऊस तोडायचा तो अगदी जमिनीलगत, कारण साखर बुडख्याशीच अधिक असते. ऊस गोड लागला म्हणून मुळासकट खाऊ नये, असे आपण म्हणतो. तोडणाऱ्याला मात्र मुळाशीच वाकावे लागते. मग वाढे छाटायचे, मोळी बांधायची आणि ती डोक्यावर घेऊन गाडीत चढवायची.

पाते दर हंगामात कानशीने झिजत जाते आणि मोडते. त्याजागी नवे येते. म्हणजे बापाचा कोयता मुलाकडे येतो तो लोखंडाच्या रूपाने नव्हे, नावाच्या रूपाने. कारण या व्यवहारात ‘एक कोयता’ म्हणजे नवरा-बायकोची जोडी! मुकादम उचल देतो ती कोयत्याला. एकटा माणूस असला तर तो ‘अर्धा कोयता’. हत्याराचे नाव माणसालाच पडावे, असे दुसरे उदाहरण सहजी सापडणार नाही.

या अर्ध्या कोयत्याची, म्हणजे घरच्या लक्ष्मीची, कहाणी तर ऐकवत नाही. पहाटेपूर्वी उठून खोपीत भाकरी थापायच्या आणि दिवसभर फडात राबायचे. एक खाडा झाला की दंड. २०१९ साली शासनाने नेमलेल्या समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची पाहणी केली, तेव्हा त्यांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. आपल्या चहातल्या साखरेला हाही हिशेब चिकटलेला आहे.

आणि मुले? आईबाप फडावर गेले की शाळेच्या पटावर नाव तेवढे राहते. थोरले पोर खोपीत धाकट्याला सांभाळते आणि थोड्याच वर्षांत त्याच्याही हाती कोयता येतो. ही साखळी तोडायची तर शिक्षणानेच, हे या भागातल्या एका संताने फार पूर्वी ओळखले होते. योगायोग असा, की केळकर जन्मले त्याच १८९६ साली पाटोदा तालुक्यातल्या सावरगाव घाट येथे भगवानबाबा जन्मले. कीर्तनातून ते आयाबापांना कळवळून सांगत, की पोरांना शिकवा. १९६५ साली ते गेले. २०२१ साली ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी शासकीय वसतिगृहांची योजना निघाली, तिला त्यांचेच नाव देण्यात आले. आईबाप फडावर असतानाही मूल शाळेत राहावे, हा तिचा हेतू. वसतिगृह म्हणजे एक खाट, दोन वेळचे जेवण आणि रात्री अभ्यासाला दिवा, एवढेच. पण एवढ्यानेच पिढी वाचू शकते.

वेळही फार नाही. ऊस तोडणारी यंत्रे फडात उतरली आहेत. यंत्र कोयता हिरावून घेईल, पण त्याजागी पोराच्या हाती काय देईल? ते यंत्राला ठाऊक नसते. ते माणसांनीच ठरवावे लागते.

वारसा जपावा, असे आपण दिवाळीला एकमेकांना सांगतो. हा एक वारसा मात्र मोडावा असाच आहे. बीडच्या एखाद्या घरी शिकून मोठी झालेली लेक आईचा झिजलेला कोयता खंडेनवमीला पाटावर मांडील, फूल वाहील आणि दसरा-दिवाळी उलटली तरी तिच्या घराला कुलूप लागणार नाही, त्या दिवशी तो कोयता खऱ्या अर्थाने संग्रहात ठेवण्याजोगा होईल.