फळ्यावरची वैनगंगा

श्रोतेहो, खडूचा फळा आपल्या सर्वांच्या परिचयाचा. आता काही शाळांतून 'इंटरॅक्टिव्ह बोर्ड' नावाचा पांढरा फळा आला आहे. तो चालतो कसा, आणि गोसीखुर्दच्या मुलांना त्याचा काय उपयोग, ते पाहू.

संगणकातले चित्र प्रोजेक्टर फळ्यावर पाडतो. इथवर हा सिनेमाच झाला म्हणा. पण पुष्कळ फळ्यांच्या लेखणीला टोकाशी बारीक दिवा असतो. त्याचा अवरक्त प्रकाश आपल्याला दिसत नाही, कॅमेऱ्याला दिसतो. लेखणी टेकली की कॅमेरा ती जागा संगणकाला कळवतो आणि तिथे रेघ उमटते. कॅनडातल्या एका कंपनीने 1991 साली असा हाताने चालणारा फळा बाजारात आणला. आपल्याकडे 22 जून 2015 च्या 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' या शासन निर्णयानंतर डिजिटल वर्गांचे लोण खेड्यापाड्यांत पोचले.

आता धडा घ्या. फळ्यावर कोरा नकाशा आहे. एका मुलीने मध्यप्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यातून वैनगंगा ओढीत आणावी. दुसऱ्याने आंभोऱ्याला तिला कन्हान मिळवावी. तिसऱ्याने खाली 33 दारांचे धरण मांडावे. मग वर्धेला भेटून ती प्राणहिता होते आणि गोदावरीकडे जाते. रेघ चुकली? पुसा, पुन्हा काढा.

याच धरणाची पायाभरणी 22 एप्रिल 1988 रोजी झाली. गुरुजींनी उपग्रहाची दोन चित्रे एकावर एक ठेवावी, एक पाणी अडवण्यापूर्वीचे, एक आताचे. पुनर्वसनाच्या गावठाणातला पोरगा घरी विचारून येईल आणि आजीचे गाव कुठे होते, देऊळ कुठे होते, तिथे स्वतःच्या हाताने खूण करील. हे छापील भूगोलात कुठे मिळायचे?

पण तासभर लेखणी गुरुजींच्याच हाती राहिली, तर हा खर्च वाया गेला. तेवढ्याला भिंतीवरचा पडदा पुरला असता!

वापरताना फळ्याच्या बाजूला उभे राहावे, नाहीतर चित्रावर आपलीच सावली. खिडकीला जाड पडदा हवा. प्रोजेक्टर जरा हलला की लेखणी एकीकडे अन् रेघ भलतीकडे. तेव्हा सांगितलेल्या खुणांवर लेखणी टेकवून जुळवणी पुन्हा करावी. वीज जाते, म्हणून खडूचा फळा काढू नये. आणि मंडळी, शाळा व्यवस्थापन समितीत हा विषय निघाला, की किमतीबरोबरच वीजबिल कोण भरणार अन् प्रोजेक्टर बिघडला तर दुरुस्तीचा पैसा कुठून येणार, तेही बरं का, त्याच बैठकीत लिहून घ्या.