साथीचा हात



मैफिलीची जाहिरात आपण सर्वांनीच वाचलेली असते. वर गवयाचे नाव ठळक टाइपात, आणि खाली, कागदावर जागा उरली असेल तर, बारीक अक्षरांत तबल्याच्या साथीदाराचे. पुष्कळदा ते छापलेलेही नसते. तरीही तो माणूस तीन तास उठला नाही, तर गवई उठत नाही; आणि तो अर्ध्यावर उठला, तर गवयाला गाता येत नाही. अशा या माणसाविषयी, म्हणजे तालवाद्य वाजवून पोट भरणाऱ्या कलावंताविषयी, आज दोन गोष्टी सांगायच्या आहेत.

तालवादकाची शैली म्हटली की आपण चटकन घराण्याचे नाव घेतो. दिल्लीचा बाज दोन बोटांचा आणि चाटेवरचा, म्हणजे तबल्याच्या किनारीवर वाजणारा. लखनौ-फरुखाबादचा बाज खुला, लवेवरचा, म्हणजे किनार आणि शाई यांच्यामधल्या जागेवरचा. हे खरे आहे. पण हा फरक पडला कशाने? लखनौला तबलजी कथ्थक नाचणाऱ्याच्या मागे उभा राहिला. पायांत घुंगरांचे पट्टे बांधलेला नर्तक समोर थिरकत असताना किनारीवरचा नाजूक बोल कोणाला ऐकू जाणार? तेव्हा हात मोकळा झाला, नाद मोठा झाला. गुरू शिकवतो हे कबूल. पण वादकाच्या हाताला शेवटचे वळण देतो तो त्याचा अन्नदाता. कोणाच्या मागे, कोणत्या जागेत आणि कशासाठी वाजवायचे, यावर हात घडतो.

आपल्या घरचेच उदाहरण घेऊ. अहमदजान थिरकवा हे मुरादाबादचे, मुनीर खाँसाहेबांचे शागीर्द. ‘थिरकवा’ हे काही त्यांचे आडनाव नव्हे. तबल्यावर बोटे नाचतात म्हणून लहानपणी पडलेले ते कौतुकाचे नाव. असा मनुष्य महाराष्ट्राला ठाऊक झाला तो कोठे? गंधर्व नाटक मंडळीत! बालगंधर्वांनी १९१३ साली स्थापन केलेली ही कंपनी पुढे कर्जात बुडाली. पण भरजरी शालू असो की साथीदार, खर्चाला हात आखडता घेणे बालगंधर्वांच्या स्वभावातच नव्हते. सारंगीला कादरबक्ष आणि तबल्याला थिरकवा अशी जोडी संस्थानिकांनाही हेवा वाटावा अशी होती.

आता नाटकाच्या तबलजीचे काम पाहा. मैफिलीत तो गवयाच्या शेजारी बसतो, त्याच्या तोंडाकडे पाहतो. नाटकात तो रंगमंचापुढे खाली बसतो आणि गाणारा वर चालता-बोलता असतो. पद चार-पाच मिनिटांचे. त्यात ‘वन्स मोअर’ आला तर तेच पद पुन्हा, आणि रंगलेल्या रात्री तो किती वेळा येईल याला सुमार नाही. ध्वनिक्षेपक नाही. शेवटच्या रांगेतल्या चार आण्यांच्या प्रेक्षकालाही सम कळली पाहिजे, आणि तरीही नटाच्या गळ्यातली एकही हरकत झाकता कामा नये. लांबलचक पेशकार-कायदे मांडायला इथे अवसर नाही. जे काय सांगायचे ते दोन ओळींच्या मधल्या जागेत, पदाच्या अखेरीस येणाऱ्या लग्गीत. थोडक्यात, नेमके आणि गोड बोलायची सवय ज्या हाताला आधीच होती, त्या हाताचा येथे रोज रात्री हजारो माणसांपुढे कस लागला. पुढे थिरकवांचे स्वतंत्र तबलावादन ज्यांनी ऐकले ते त्यांच्या बोलांच्या स्पष्टतेविषयी आणि डग्ग्याच्या गोडव्याविषयी बोलत. त्या गोडव्यात नाटकाच्या त्या रात्रींचाही वाटा आहे असे मला वाटते, यावर घराणेवाल्यांनी रागावू नये.

नाटक मंडळी सोडल्यावर ते रामपूर दरबारी गेले, आणि दरबार संपल्यावर लखनौच्या भातखंडे महाविद्यालयात शिकवू लागले. कंपनी, संस्थान आणि विद्यालय, या तीनही काळांतल्या कलेच्या आश्रयस्थानांतून हा एक माणूस गेला. १९७० साली त्यांना पद्मभूषण मिळाले, १९७६ साली ते लखनौला वारले.

याच्या अगदी उलट टोक विलंबित ख्यालाच्या साथीचे. अमीरखाँसाहेबांच्या अतिविलंबित झुमऱ्यात एकेक मात्रा तीन-चार सेकंदांची होते. चौदा मात्रांचे आवर्तन म्हणजे जवळजवळ एक मिनिट. त्या मिनिटात तबलजीने काय करायचे? काहीही करायचे नाही, आणि ते सुरेख करायचे! दोन मात्रांमधली पोकळी भरून काढण्याचा मोह ज्याला आवरत नाही त्याला ही नोकरी नाही. कुमार गंधर्वांच्या मागे वसंतराव आचरेकर वर्षानुवर्षे बसले. त्यांचा ठेका ऐकताना तबला वाजतो आहे याचा विसर पडे, आणि लय मात्र कानातून जात नसे. टाळ्या अशा वादनाला मिळत नाहीत. हाही एक पेशा आहे, आणि माझ्या मते सर्वांत कठीण.

आणि तमाशाच्या फडातला ढोलकीवाला? त्याला विसरता येत नाही म्हणण्यापेक्षा तोच आपल्याला विसरू देत नाही. तो उभा असतो, ढोलकी कमरेला बांधलेली असते. उघड्या मैदानात, चार-पाच हजार माणसांच्या गलक्यात त्याला पहिल्या थापेत लोक गप्प करायचे असतात. म्हणून आरंभीच ढोलकी आणि हलगी यांचा सामना. ढोलकीची पुडी चढ्या स्वरात लावलेली, तिचा आवाज गलका कापत जातो. लावणीची धुमाळी आठच मात्रांची, पण नाचणारीच्या पायावर नजर ठेवून ती अशी वळवायची की पाऊल आणि थाप यांत कोण पुढे हे कळू नये. ख्यालाच्या तबलजीने झाकायचे असते, याने उघड करायचे असते.

हा नियम आपल्याकडचाच आहे असे मात्र समजू नका. अमेरिकेत ज्याला ड्रमसेट म्हणतात, म्हणजे एकाच माणसाभोवती मांडलेले ढोल, झांजा आणि पेडले, त्याचा जन्मच काटकसरीतून झाला. पूर्वी बँडमध्ये मोठा ढोल एकाकडे, लहान कडाडणारा ड्रम दुसऱ्याकडे, झांजा तिसऱ्याकडे असत. १९०९ साली शिकागोच्या लुडविग बंधूंनी पायाने मोठा ढोल वाजवायचे चांगले पेडल बाजारात आणले, आणि नाटकगृहाच्या मालकाला तीन पगारांच्या जागी एक पगार पुरू लागला. दोघांची भाकरी गेली. तिसऱ्याच्या वाट्याला मात्र एक नवे वाद्य आले, ज्यात दोन हात आणि दोन पाय चौघेही आपापले काम निराळे करतात. (आपल्या गोव्याचे लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकर हातापायांनी एकाच वेळी निरनिराळे ताल धरून दाखवीत. त्यांना पेडल मिळाले असते तर काय झाले असते, असा विचार माझ्या मनात अनेकदा येतो.)

न्यू ऑर्लीन्सचा बेबी डॉड्स हा या वाद्याच्या पहिल्या मोठ्या वादकांपैकी एक. १९२३ साली किंग ऑलिव्हरच्या जॅझ वाद्यवृंदाबरोबर तो ध्वनिमुद्रणाला गेला, तेव्हा ढोलाच्या दणक्याने मुद्रणाची सुई उडत असे. म्हणून त्याला लाकडी ठोकळ्यांवर वाजवावे लागले. आज त्या तबकड्या ऐकून त्याची ‘शैली’ ठरवणाऱ्याने हे आधी लक्षात घ्यावे. पुढे नाचघरांचे दिवस आले. नाचणाऱ्या जोडप्यांना चारही मात्रा पायांत हव्या असत, म्हणून मोठा ढोल चारही मात्रांवर ठोकायचा अशी रीत पडली. १९४० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातल्या मिंटन्स नावाच्या क्लबात केनी क्लार्क याने ती मोडली. ताल त्याने वरच्या मोठ्या झांजेवर नेला आणि ढोल राखून ठेवला, गायक ऐन जागेवर घेतो तशा एखाद्या अवचित जागेसाठी. त्यात १९४४ साली सरकारने जेथे नाच चालतो अशा करमणुकीच्या जागांवर आधी शेकडा ३० आणि मग शेकडा २० कर बसवला. ज्या क्लबांत लोक नुसते बसून वाद्यसंगीत ऐकत ते या करातून सुटले. साहजिकच ऐकण्याचे जॅझ फोफावले, आणि पायांना नव्हे तर कानांना बोलणारे ड्रमवादन रुजले. तेथे करखात्यानेही शैली घडवायला हातभार लावला, याची आपल्या संगीतसमीक्षकांनी नोंद घ्यायला हरकत नाही.

रॉक संगीतात विजेच्या गिटारी आल्या, तेव्हा दुसरी आणि चौथी मात्रा कडाडून वाजवणे हे ड्रमवाल्याचे मुख्य काम झाले. इंग्लंडच्या रोलिंग स्टोन्सचा चार्ली वॉट्स हा मनाने जॅझचा माणूस. पण जवळजवळ साठ वर्षे, १९२१ नव्हे हो, २०२१ साली वारेपर्यंत, त्याने रॉकची नोकरी इमाने केली. ती दोन मात्रांची थाप मारताना तो दुसरा हात झांजेवरून उचलून घेई, म्हणजे थाप एकटी, स्वच्छ ऐकू येई. जॅझची हौस त्याने स्वतःचा वेगळा वाद्यवृंद काढून भागवली.

हे वाद्य मुंबईला आले ते हॉटेलांतल्या नाचाच्या बँडांबरोबर. बँडांत गोव्याचे ख्रिस्ती वादक पुष्कळ, काही पारशीही. त्यांच्यापैकी कावस लॉर्ड यांनी बोंगो, कोंगा अशी लॅटिन अमेरिकेची तालवाद्ये हिंदी चित्रपटसंगीतात आणली. त्यांचे पुत्र केरसी आणि बुर्जोर हेही त्याच धंद्यात नावाजले. रात्री हॉटेल आणि दिवसा रेकॉर्डिंग, असे यातल्या अनेकांचे आयुष्य गेले. चित्रपटाच्या रेकॉर्डिंगमध्ये सगळा वाद्यवृंद गायकासह एकत्र वाजवी. एकाची चूक झाली की साठ जणांनी पुन्हा आरंभ करायचा. म्हणून तेथे लागे तो भरवशाचा हात. कल्पकता हवी, पण ती तालमीत. एकदा ठरले की टेकवर टेक केसाचाही फरक न होता वाजला पाहिजे.

या जगातले माझे आवडते नाव दत्ताराम वाडकर यांचे. हे मूळचे गोव्याकडचे, शंकर-जयकिशन यांचे सहायक. आठ मात्रांच्या केरव्याला त्यांनी ढोलकीवर असे काही वळण दिले की त्या ठेक्याला वादकांनीच ‘दत्ताराम ठेका’ म्हणायला सुरुवात केली. १९५७ साली ‘अब दिल्ली दूर नहीं’ पासून ते स्वतंत्र संगीत दिग्दर्शकही झाले, पण २००७ साली ते वारले तेव्हा लोकांच्या ओठी आला तो ठेकाच. तबकडीवर गायक, कवी, संगीतकार यांची नावे छापली जात, वाजवणाऱ्यांची नाही. लॉस एंजेलिसमध्ये हीच गत होती. हॅल ब्लेन याने तेथील शेकडो गाजलेल्या गाण्यांवर ड्रम वाजवले, पण तबकडीच्या वेष्टनावर चित्र असे ते दुसऱ्याच तरुण मंडळींचे. ऐकणाऱ्याला वाटे, तेच वाजवताहेत! आणि १९८० नंतर ड्रमचे आवाज साठवलेली विजेची यंत्रे आली, तेव्हा दोन्हीकडच्या स्टुडिओंत पहिला घाव या बिननावाच्या माणसांवर पडला. यंत्राला चहा लागत नाही, आणि ते लयीत चुकत नाही. माणूस लयीत किंचित झुलतो, आणि त्या झुलण्यालाच आपण रंगत म्हणतो, हे हिशेबनिसाला समजावणे अवघड असते.

या पार्श्वभूमीवर अल्लारखाँचे चरित्र पाहावे. जम्मूकडे १९१९ साली जन्म, लाहोरला मियाँ कादरबक्षांकडे पंजाब घराण्याची तालीम, मग रेडिओची नोकरी. मुंबईत आल्यावर ए. आर. कुरेशी या नावाने त्यांनी चित्रपटांना संगीत दिले. पंजाब घराण्याचे गणित अवघड. पण रेडिओ आणि सिनेमा यांनी त्यांना ते सामान्य श्रोत्याला पेलेल असे मांडायला शिकवले असावे. रविशंकरांबरोबर ते अमेरिकेत गेले, १९६७ ला माँटेरे येथे आणि १९६९ ला वुडस्टॉकला वाजवले. ज्यांना राग म्हणजे काय ते ठाऊक नव्हते अशा हजारो तरुणांना तिहाई मात्र कळली. १९६८ साली जॅझचा ड्रमवादक बडी रिच याच्याबरोबर त्यांची तबकडी निघाली. साथीदाराचे नाव तबकडीच्या शीर्षकात आले, ही गोष्ट लहान नव्हे.

त्यांचे पुत्र झाकीर हुसेन हे माहीमचे. इंग्रज गिटारवादक जॉन मॅकलॉक्लिन यांच्या ‘शक्ती’त त्यांच्या शेजारी विनायकराम यांचा घटम होता, अमेरिकन ड्रमवादक मिकी हार्टच्या ‘प्लॅनेट ड्रम’मध्ये जगभरचे तालवादक होते. २०२४ च्या फेब्रुवारीत एकाच रात्री तीन ग्रॅमी पारितोषिके त्यांनी घेतली, आणि त्याच वर्षी १५ डिसेंबरला सॅन फ्रान्सिस्कोत ते वारले. जाहिरातीतला ठळक टाइप आता तबल्याला मिळत होता. तरी साथीला बसणे त्यांनी सोडले नाही, आणि साथीला बसले की ते साथच करीत. शिवकुमार शर्मांच्या संतूरचा तुटक, थेंबाथेंबाने येणारा नाद सांभाळायला तबलाही तितकाच मृदू लागे. तो त्यांनी चाळीसहून अधिक वर्षे वाजवला. गंमत अशी की शिवकुमारजी स्वतः आरंभी तबलजीच. १९६५ च्या ‘गाईड’ चित्रपटातल्या एका गाण्यात तबला त्यांनीच वाजवला आहे. २०२२ च्या मे महिन्यात मुंबईत त्यांची अंत्ययात्रा निघाली, तेव्हा तिरडीला खांदा देणाऱ्यांत झाकीर हुसेन होते. आणि अग्नी दिल्यावर माणसे पांगली तरी ते तेथे एकटे उभे असलेले छायाचित्र दुसऱ्या दिवशी घरोघरी पोहोचले.