टॉवर स्पीकर आणि कानसेनांचा मेळा

तानसेन होणे प्रत्येकाच्या वाट्याला येत नाही. कानसेन होणे मात्र ज्याच्या-त्याच्या हाती असते, असे आपल्याकडे जुनी माणसे सांगत. केसरबाई केरकर, मोगूबाई कुर्डीकर, दीनानाथ मंगेशकर आणि जितेंद्र अभिषेकी ज्या भूमीत जन्मले, त्या गोमंतकात तर देवळाच्या सभामंडपातील भजनापासून रात्र जागवणाऱ्या संगीत नाटकापर्यंत ऐकण्याची परंपरा घरोघर पोचलेली आहे. आज शंभराहून अधिक वर्षांचे ध्वनिमुद्रित संगीत खिशातल्या फोनमध्ये सामावले आहे, पण ते कानांवर पडते ते नखाएवढ्या स्पीकरमधून. अशा काळात दिवाणखान्यात कंबरेएवढ्या उंच दोन पेट्या मांडून, फोन बाजूला ठेवून, तासभर स्तब्ध बसणारी काही माणसे आपल्या आसपास आहेत. त्यांचा हा छंद म्हणजे केवळ श्रीमंती थाट, की त्यामागे काही शास्त्र आणि रसिकता आहे, हे समजून घेणे उद्बोधक ठरेल. या पेट्यांच्या जोडीची किंमत काही दहा हजारांपासून थेट एखाद्या सदनिकेच्या किमतीपर्यंत जाते. एवढा पैसा चुकीच्या जागी खर्च झाला, तर घरात संगीताऐवजी नुसता आवाज येतो.

पेटी उंच का असते?

विजेच्या लहरींचे हवेच्या लहरींत रूपांतर करणे, एवढेच स्पीकरचे काम. चुंबकाच्या फटीत तारेचे एक वेटोळे असते. त्यातून संगीताचा विद्युतप्रवाह गेला की ते पुढे-मागे हलते आणि त्याला जोडलेला शंकूच्या आकाराचा पडदा हवेला ढकलतो. अमेरिकेतील चेस्टर राइस आणि एडवर्ड केलॉग या अभियंत्यांनी १९२५ मध्ये मांडलेली ही रचना शंभर वर्षांनंतरही मूलतः तशीच आहे.

अडचण निराळीच आहे. माणसाचा निरोगी कान साधारण २० ते २०,००० हर्ट्झ कंपनसंख्येचे ध्वनी ऐकतो. त्यांतील सर्वांत खालच्या ध्वनीची तरंगलांबी सुमारे १७ मीटर, तर सर्वांत वरच्याची जेमतेम पावणेदोन सेंटिमीटर. खालच्या स्वरांसाठी पुष्कळ हवा हलवावी लागते, म्हणून मोठा पडदा हवा. वरच्या स्वरांसाठी अतिशय हलका आणि चपळ पडदा हवा. एकाच पडद्याला दोन्ही कामे क्वचितच साधतात. म्हणून खर्जासाठी वूफर, मधल्या पट्ट्यासाठी मिडरेंज आणि तार स्वरांसाठी ट्विटर अशी वाटणी केली जाते. कोणता ध्वनी कोणाकडे पाठवायचा, हे क्रॉसओव्हर नावाचे मंडल ठरवते. चांगल्या आणि सुमार स्पीकरमधील फरक बहुधा या सांध्यावर कळतो. गायकाची तान मध्य सप्तकातून तार सप्तकात जाताना आवाजाचा पोत बदलल्यासारखा वाटला, तर हा सांधा नीट जुळलेला नाही असे समजावे.

टॉवर स्पीकरच्या उंचीमागे दोन व्यावहारिक कारणे आहेत. खुर्चीवर बसलेल्या माणसाचा कान जमिनीपासून सुमारे तीन फुटांवर असतो; ट्विटर त्याच पातळीला यावा लागतो. शिवाय पेटी उंच केली की जमिनीवरची जागा फारशी न अडवता आतल्या हवेचे आकारमान वाढते आणि एकाहून अधिक वूफर बसवता येतात.

बहुतेक टॉवर स्पीकरना पुढे किंवा मागे एक गोल भोक असते. त्याचे कार्य गोमंतकीयांना समजावून देण्यास घुमटासारखे दुसरे उदाहरण नाही. मातीच्या त्या भांड्याच्या एका तोंडाला कातडे ताणलेले असते आणि दुसरे तोंड मोकळे. वादक डाव्या हाताने ते मोकळे तोंड झाकतो-उघडतो, तसा नाद बदलतो, कारण भांड्यातली हवा स्वतःच्या ठरावीक कंपनसंख्येने घुमत असते. स्पीकरच्या पेटीतली हवाही त्या भोकातून अशीच घुमते आणि वूफरची ताकद जिथे कमी पडू लागते, तिथे खर्जाला आधार देते. या युक्तीचे एकस्व बेल प्रयोगशाळेतील अल्बर्ट थुरास यांना १९३२ मध्ये मिळाले. पुढे १९६१ मध्ये ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी आणि १९७०च्या दशकात रिचर्ड स्मॉल यांनी तिचे गणित मांडले. पेटी केवढी असावी आणि भोक केवढे, हे तेव्हापासून अंदाजाऐवजी हिशेबाने ठरू लागले.

नेमके काय ऐकू येते?

काळी एक पट्टीत गाणाऱ्या गायकाचा मध्य षड्ज सुमारे १३९ हर्ट्झचा असतो आणि त्याच्या तानपुऱ्याची खर्जाची तार त्याच्या निम्म्यावर, म्हणजे ६९ हर्ट्झच्या आसपास बोलते. फोनचा इवलासा स्पीकर इतक्या खाली उतरूच शकत नाही. तरीही आपल्याला खर्ज ऐकू आल्याचा भास होतो, कारण वरच्या उपस्वरांवरून मेंदू मूळ स्वराची जुळणी करून घेतो. चांगल्या टॉवर स्पीकरसमोर मात्र तो स्वर प्रत्यक्ष हवेत असतो. डग्ग्यावर मनगट सरकवून काढलेली मींड, पखवाजाच्या थापेमागचा भरदारपणा, तानपुऱ्याच्या जव्हारीतून एकामागून एक उमलणारे उपस्वर हे सारे वेगवेगळे ओळखता येते. तानपुऱ्याच्या या उपस्वरांनी सी. व्ही. रामन यांनाही आकर्षित केले होते. घोडीच्या रुंद, वक्र पृष्ठामुळे तारेत एरवी अपेक्षित नसणारे उपस्वरही प्रबळ होतात, याकडे त्यांनी १९२१ मधील लेखात लक्ष वेधले.

दुसरा अनुभव अवकाशाचा. दोन स्पीकर योग्य जागी असले की गायक त्या दोहोंच्या मधोमध, जिथे कोणतीही पेटी नाही तिथे, बसून गात असल्यासारखा वाटतो. तबला एका बाजूला, संवादिनी दुसऱ्या बाजूला आणि मागे तानपुरे अशी मैफलीची मांडणी डोळे मिटून दिसू लागते. स्टिरिओ ध्वनिमुद्रणाचा हेतूच हा आहे. एका छोट्या पेटीतून तो कधीच पुरा होत नाही.

इथे एक मर्यादाही ध्यानात घ्यावी. १९२५ पूर्वीची ध्वनिमुद्रणे कर्ण्यासमोर गाऊन, विजेशिवाय केलेली होती. त्यांत खर्ज जवळजवळ नाहीच आणि अतितार स्वरही नाहीत. विद्युत ध्वनिमुद्रण आल्यावर पट्टा रुंदावला, तरी ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांत सारा प्राण मधल्या पट्ट्यातच राहिला. केसरबाईंचा जो स्वर १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांवरील सुवर्ण तबकडीतून अंतराळात गेला, तोही अशाच जुन्या ध्वनिमुद्रणातला. तो ऐकताना प्रचंड वूफर काही वाढवून देत नाही. मानवी आवाजाशी प्रामाणिक असलेला मिडरेंज मात्र देतो. म्हणून जुन्या गायकीच्या रसिकाने स्पीकर निवडताना दणक्याला भुलू नये, कंठाचा पोत ऐकावा.

खोली हाच तिसरा स्पीकर

या छंदातील सर्वांत दुर्लक्षित घटक म्हणजे खोली. बारा फूट रुंद आणि चौदा फूट लांब अशी आपली नेहमीची खोली घ्या. तिच्या भिंतींमध्ये सुमारे ४० आणि ४७ हर्ट्झला स्थिर लहरी तयार होतात. त्या कंपनसंख्यांचे स्वर भिंतीलगत फुगतात आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ नाहीसे होतात. लाखो रुपयांचा स्पीकरही या नियमाला अपवाद नाही. उलट, खर्जात खोलवर उतरणारा मोठा टॉवर लहान खोलीत ठेवला तर घुमणे अधिकच वाढते. दहा बाय दहाच्या खोलीत स्टँडवर ठेवलेले छोटे स्पीकर पुष्कळदा सरस ठरतात, हे विक्रेता सहसा सांगत नाही.

आजच्या सदनिकांत गुळगुळीत फरशी, काचेची दारे आणि उघड्या भिंती यांमुळे तार स्वर टणाटण उसळतात. खोलीच्या मध्यावर उभे राहून एक टाळी वाजवावी. तिच्यामागे झणझणीत शेपूट ऐकू आले, तर आधी खोली सुधारावी. स्पीकरच्या पुढ्यात जाड जाजम किंवा सतरंजी, खिडकीला भरदार पडदा, मागच्या भिंतीला पुस्तकांचे कपाट एवढ्यानेही मोठा फरक पडतो. दोन स्पीकर आणि श्रोता यांचा समभुज त्रिकोण व्हावा. पेट्या कोपऱ्यात कोंबू नयेत. मागच्या भिंतीपासून दोन-तीन फूट पुढे आणून, वीतभर मागे-पुढे सरकवत, ओळखीच्या आवाजावर कान ठेवून जागा ठरवावी. श्रोत्याने भिंतीला टेकून बसू नये आणि खोलीच्या अगदी मध्यावरही बसू नये. या साऱ्याला पैसा लागत नाही, फक्त एक रिकामी दुपार लागते.

आपल्या हवामानाचाही विचार हवा. काही स्पीकरच्या पडद्याची कडा फोमची असते. दमट हवेत ती काही वर्षांत भुसभुशीत होऊन गळते. रबराची कडा अधिक टिकते. लाकडाच्या भुशापासून दाबून केलेल्या फळीच्या पेट्या ओल लागली की फुगतात. म्हणून पावसाळ्यात पेट्या ओल धरणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवाव्यात, तळाशी हवा खेळती ठेवावी आणि खाऱ्या वाऱ्याने काळवंडणारी तारांची टोके वर्षातून एकदा स्वच्छ करावीत.

शौकिनांचे जग

हा छंद एकट्याने सुरू होतो, पण एकट्याने टिकत नाही. नवा स्पीकर आला की दोन मित्रांना ऐकायला बोलवावेसे वाटतेच. जपानमध्ये तर या सहश्रवणाची रीतसर संस्था झाली. तोकियोच्या शिबुया भागात १९२६ मध्ये सुरू झालेल्या ‘लायन’ या कॅफेत भव्य स्पीकरसमोर सारी मंडळी एका दिशेला तोंड करून बसतात आणि गप्पा न मारता अभिजात संगीत ऐकतात. आपल्याकडे मुंबईत १९९० मध्ये स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ या संस्थेने जुन्या तबकड्या जपणाऱ्यांना एकत्र आणले. यंत्र आणि संग्रह यांची सांगड घालणारी अशी मंडळी लहान शहरांतही आढळतात. कोणाकडे नाट्यसंगीताच्या तबकड्या असतात, कोणाकडे उत्तम ॲम्प्लिफायर, तर कोणी थील आणि स्मॉल यांचे गणित मांडून, सुताराकडून प्लायवूड कापून घेऊन घरीच पेटी बांधतो. कोचीच्या ‘रेथम’सारख्या भारतीय नाममुद्रेने तर आपले टॉवर स्पीकर परदेशांतील चोखंदळ श्रोत्यांपर्यंत पोचवले आहेत.

या जगात वादही खूप. महागड्या तारांनी ध्वनी बदलतो का, यावर मैत्री तुटेपर्यंत भांडणे होतात. अशा वादांवर उपयोगी ठरणारा एक प्रयोग फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केला. त्यांनी तेच स्पीकर श्रोत्यांना एकदा डोळ्यांसमोर ठेवून आणि एकदा पडद्याआड ठेवून ऐकवले. स्पीकर दिसत असताना मोठ्या, भारदस्त पेट्यांना झुकते माप मिळाले आणि लहान, स्वस्त संचाचे गुण घसरले. पडद्याआड मात्र तोच लहान संच इतरांच्या तोडीस आला. श्रोते अननुभवी नव्हते, ते ध्वनिउद्योगातच काम करणारे होते. डोळ्यांनी पाहिलेले कानांच्या निवाड्यात कसे शिरते, हे यातून स्पष्ट झाले. मित्रमंडळी जमलेली असताना चादर टांगून, आवाजाची पातळी सारखी ठेवून असा प्रयोग घरीही करता येतो. पातळी सारखी ठेवणे महत्त्वाचे, कारण किंचित मोठा आवाज कानाला नेहमीच अधिक चांगला वाटतो.

घेण्यापूर्वी

स्पीकर घ्यायचा झाल्यास आपण वर्षानुवर्षे ऐकलेली तीन-चार ध्वनिमुद्रणे सोबत न्यावीत. एक स्त्री-आवाज, एक पुरुष-आवाज, एक तबला किंवा पखवाज आणि एक तंतुवाद्य पुरे. दुकानदाराच्या झगमगीत नमुन्यावर निर्णय घेऊ नये. शक्य असल्यास स्वतःच्या घरी आणून ऐकावे. ॲम्प्लिफायरच्या वॉटच्या आकड्यालाही फार भुलू नये. शक्ती दुप्पट केली तरी पातळी केवळ तीन डेसिबलने वाढते. नेहमीच्या ऐकण्यास एखाद-दुसरा वॉटही पुरतो. थापेच्या क्षणिक झटक्यांसाठी तेवढी शिल्लक ताकद हवी.

कानांची काळजी सर्वांत आधी. ८५ डेसिबलच्या पातळीला दिवसाचे आठ तास ही सुरक्षिततेची मर्यादा मानली जाते आणि पुढे दर तीन डेसिबलला तो अवधी निम्मा होतो. एकदा गेलेली श्रवणशक्ती कोणत्याही यंत्राने पूर्ववत होत नाही. शेजारधर्मही पाळावा, खर्ज भिंतीतून सहज पलीकडे जातो आणि आपला दरबारी शेजारच्या घरात नुसती धडधड होऊन पोचतो.

पेट्या कितीही उंच असोत, त्यांच्यासमोर बसायला वेळ नसेल तर त्या फर्निचरच राहतात. ज्यांना आज टॉवर स्पीकर परवडत नाहीत, त्यांनी एखाद्या शौकिनाच्या घरी जाऊन, परिचयाचा एखादा विलंबित ख्याल सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐकावा. या मंडळींना श्रोता हवाच असतो आणि बहुतेकांच्या घरी चहाही मिळतो.