पिकाच्या पाहणीसाठी बिनतारी चित्र

दूरनियंत्रित लहान विमानावर कॅमेरा बसविला म्हणजे उभ्या पिकात न शिरता पाणी साचलेली किंवा पिवळी पडलेली जागा बांधावरून दिसते. कॅमेऱ्याचे चित्र प्रक्षेपक पाठवितो व ग्राहक ते पडद्यावर आणतो. दोन्ही एकाच वाहिनीवर जुळवावेत.

यासाठी बहुधा ५.८ गिगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. ओल्या पानांत त्या शोषल्या जातात. म्हणून विमान राईआड जाताच चित्र तुटते. अशा वेळी अधिक शक्तीचा प्रक्षेपक घ्यावासा वाटतो. परंतु उघड्या जागीही पल्ला दुप्पट करण्यास शक्ती चौपट लागते. त्यापेक्षा ग्राहकाचा अँटेना उंच काठीवर बांधावा. दोन्ही अँटेना एकाच जातीचे असावेत. अँटेना लावल्याविना प्रक्षेपक सुरू करू नये. तो जळण्याचा संभव असतो.

चित्र तुटले तरी विमान उडतच असते, आणि खाली शेतात माणसे असतात. म्हणून एकाने पडदा पाहावा व दुसऱ्याने विमानावरची नजर हलवू नये. ड्रोन नियम, २०२१ प्रमाणे हिरव्या क्षेत्रात ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. लाल व पिवळ्या क्षेत्रांत ती लागते. आपले गाव कोणत्या क्षेत्रात येते, हे ग्रामसेवकांनी शेतकऱ्यांस आधीच सांगावे.