वार पाळा, तब्येत सांभाळा!

"आज गुरुवार, अंडंसुद्धा नको!" मराठी घरांत हे वाक्य पिढ्यान्‌पिढ्या ऐकू येतं. बहुतेक जेवणं शाकाहारी आणि अधूनमधून मासे-मटण, अशा खाण्याला आता जगभर 'फ्लेक्सिटेरियन' म्हणतात. त्याच्या या काही चविष्ट गोष्टी.

शब्दाला मान : 'फ्लेक्सिबल' आणि 'व्हेजिटेरियन' यांच्या जोडीतून हा शब्द झाला. अमेरिकन डायलेक्ट सोसायटीने २००३ चा 'सर्वांत उपयुक्त शब्द' म्हणून त्याचीच निवड केली.

त्यांचेही वार : बीटल्सवाल्या पॉल मॅकार्टनीने २००९ मध्ये ब्रिटनमध्ये 'मीट फ्री मंडे' सुरू केला. त्याच वर्षी बेल्जियममधल्या गेंट शहराने शाकाहारासाठी गुरुवार ठरवला. आपल्याकडे सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा. वार तेच निघाले!

आपण तर एक्स्पर्ट : आहारतज्ज्ञ डॉन जॅक्सन ब्लॅटनर यांच्या हिशेबात आठवड्याच्या २१ जेवणांपैकी ६ ते ८ बिनमांसाची असली की नवशिके, १५ किंवा त्याहून जास्त झाली की एक्स्पर्ट. बुधवार, शुक्रवार, रविवार एकेकदा मासे-मटण खाणाऱ्या घराची १८ होतात.

साखरेचं गणित : अमेरिका-कॅनडातल्या सुमारे ६१ हजार अ‍ॅडव्हेंटिस्ट (एका ख्रिस्ती पंथाच्या) लोकांच्या पाहणीत टाइप-२ मधुमेहाचं प्रमाण मांसाहारींत ७.६ टक्के होतं. आठवड्यातून एकदापेक्षाही कमी वेळा मांस-मासे खाणाऱ्यांत ते ६.१ टक्के आणि दूध-अंडी खाणाऱ्या शाकाहारींत ३.२ टक्के. वजन आणि व्यायामाचाही यात वाटा असतो, तरी आकडे बोलके आहेत.

चोथा शून्य : मटणात प्रथिनं भरपूर, पण चोथा अजिबात नाही. तो मिळतो डाळी, भाज्या आणि भाकरीतून. पोट साफ राहतं ते त्याच्यामुळे.

माशाचा आधार : बी-१२ जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही. आठवड्यातले दोन बांगडे किंवा अंडी इथे कामाला येतात.

लिंबाची जादू : मटकीला मोड आणले की तिच्यातलं लोह अंगी लागायला मदत होते. वरून लिंबू पिळलं की आणखी.

सॉसेज जपून : जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये सांगितलं, की रोज ५० ग्रॅम प्रक्रिया केलेलं मांस खाल्लं तर मोठ्या आतड्याच्या कर्करोगाचा धोका सुमारे १८ टक्क्यांनी वाढतो.

एक मात्र लक्षात ठेवा. मटणाच्या जागी साबुदाण्याची खिचडी आणि बटाटेवडे आले, तर वार पाळला जाईल, तब्येत नाही. म्हणून मंगळवारी रात्री मटकी भिजत घाला, बुधवारी सकाळी फडक्यात बांधा. गुरुवारी मोड आलेले असतील. उसळ करा, लिंबू पिळा आणि गरम भाकरीबरोबर पोटभर जेवा.