लाडका पण लठ्ठ

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं कुत्रा असेल, व तो गुबगुबीत असला तर 'खात्यापित्या घरचा दिसतो!' असें म्हणून पाहुणे त्याचें कौतुकहि करीत असतील. परंतु ज्यास आपण बाळसें समजतों ती पुष्कळदां दुखण्याची सुरुवात असते, आणि तें दुखणें आपल्याच प्रेमळ हातांनीं दिलेलें असतें. तें ओळखावें कसें व दूर करावें कसें, हें सांगण्याचें आम्हीं येथें योजिलें आहे.

कुत्र्याचा लठ्ठपणा डोळ्यांपेक्षां हातास अधिक बरोबर कळतो. त्याच्या बरगड्यांवरून बोटें हलकेच फिरवावीं. आपल्या हाताच्या पाठीवरचीं हाडें जशीं सहज लागतात तशा त्या लागल्या तर चिंता नको. दाबून शोधाव्या लागल्या तर चरबी वाढली असें समजावें. वरून पाहतांना कंबर आंत गेलेली व बाजूनें पाहतांना पोट मागें वर चढत गेलेलें दिसलें पाहिजे. पशुवैद्य या परीक्षेस १ पासून ९ पर्यंत गुण देतात. त्यांत ४ किंवा ५ उत्तम. शाळेंतल्याप्रमाणें येथें अधिक गुण मिळविणें भूषणाचें नव्हे!

लठ्ठपणानें काय बिघडतें, असें कोणी विचारील. अमेरिकेंत ४८ लॅब्राडॉर कुत्र्यांच्या, एकाच वेतांतील भावंडें घेऊन, २४ जोड्या केल्या होत्या. जोडींतील एकास दुसऱ्यापेक्षां पाव हिस्सा कमी अन्न जन्मभर दिलें. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगांत कमी खाणाऱ्यांचें मध्यम आयुष्य १३ वर्षें, तर अधिक खाणाऱ्यांचें ११.२ वर्षें भरलें. सांधेदुखीहि पहिल्यांस उशिरां जडली. अधिक खाणारे फार लठ्ठ नव्हते, थोडेसेच स्थूल होते, हें विशेष ध्यानांत ठेवावें.

वजन वाढण्याचें मुख्य कारण घरांतील प्रत्येकानें वेगवेगळें खाऊं घालणें हें होय. आई पोळी देते, मुलें बिस्किट देतात, आजी दूधभात घालते. बेरीज मात्र कोणीच करीत नाहीं. प्रजोत्पत्ति बंद करण्याची शस्त्रक्रिया झाल्यावर अन्नाची गरजहि कमी होते. शिवाय २०१६ सालीं केंब्रिज येथील संशोधकांस असें आढळलें कीं, सुमारें एक चतुर्थांश लॅब्राडॉर कुत्र्यांत भुकेवर ताबा ठेवणाऱ्या एका जनुकाचा कांहीं अंश नसतो. अशा कुत्र्याच्या याचक डोळ्यांवरून त्याच्या पोटाची परीक्षा करूं नये.

उपाय आरंभण्यापूर्वीं पशुवैद्यास दाखवावें. कारण गळ्यांतील ग्रंथीच्या विकारानेंहि कुत्रा लठ्ठ होतो. नंतर त्यानें ठरवून दिलेलें अन्न रोज तराजूनें तोलून, दोन वेळां विभागून द्यावें. मधला खाऊ दिवसाच्या एकंदर अन्नशक्तीच्या दशांशाहून अधिक नसावा. बिस्किटाऐवजीं गाजराचा किंवा उकडलेल्या फरसबीचा तुकडा चालेल. कांदा, लसूण, द्राक्षें, मनुका व चॉकलेट मात्र कधींहि देऊं नये, तीं विषारी आहेत. आठवड्यास शरीराच्या वजनाचा शेंकडा १ ते २ भाग उतरला म्हणजे पुरे. ३० किलोच्या कुत्र्यांत हे ३०० ते ६०० ग्रॅम होतात. उपास घालूं नये. विशेषतः लठ्ठ मांजरास उपाशी ठेवल्यास कांहीं दिवसांतच यकृतांत चरबी सांचून त्याच्या प्राणावर बेततें.

व्यायाम हळूहळू वाढवावा. प्रथम सकाळसंध्याकाळ दहा-पंधरा मिनिटें चालवावें, व धाप न लागतां तें पचूं लागलें म्हणजे वेळ वाढवावी. जड कुत्र्यास एकदम धांवविल्यास सांधे दुखावतात. उन्हाळ्यांत दुपारीं बाहेर नेऊं नये. डांबरी रस्त्यावर आपल्या हाताची पाठ पांच-सात सेकंद ठेववत नसेल तर त्याचेहि पाय भाजतील.

आमची विद्यार्थिमित्रांस एवढीच विनंति कीं, घरांत एकानेंच अन्न मोजून द्यावें, व दर पंधरवड्यास वजन भिंतीवरील कागदावर लिहावें. कुत्र्यास उचलून काट्यावर उभें राहावें व आपलें वजन वजा करावें. फार जड असल्यास पशुवैद्याच्या काट्यावर न्यावें. तो ताटाशेजारीं येऊन बसला तर घास टाकण्याऐवजीं जेवण आटोपतांच त्यास फिरावयास न्यावें. आपला सहवास मिळाला म्हणजे त्यास आनंदच होतो, आणि तो सहवास पुढें दोन वर्षें अधिक लाभण्याचा संभव वाढतो.